मनीची नखं, माझ्या बांगड्या

६ जानेवारी. लातूर, खोलीवर.

मनी म्हणली, आजी, तू बोल, मी लिहिते.

दहाही बोटांना ओला कापूस आणि त्यावर चांदीचा कागद गुंडाळून बसले हाय. औषधाचा वास डोक्यात जातो. पोरीनं सकाळी लावलेली नखं सांजच्याला अशी भिजवून काढायची, उद्या परत लावायची. पंधरा मिनिटं हलायचं न्हाई, खाजवायचं न्हाई, पदर सावरायचा न्हाई. तोंड तेवढं मोकळं. नखांच्या क्लासच्या मॅडमनं तिला वही ठेवायला लावली, रोज काय शिकलो ते लिहायला. पुढून तिची नखं, मागून मी. मला अक्षर येत न्हाई आणि तिला गप बसता येत न्हाई, असा मेळ हाय.

(उलटं लिहिलं असतं तरी चाललं असतं. — म.)

८ जानेवारी

दत्तूचा फोन. लेक माझा, पण बोलतो सासऱ्यासारखा.

"आई, मनी क्लासला जाते का?"
"जाते की."
"एकटी?"
"न्हाई, बँड लावून."

हसला न्हाई. बापानं पोरीला लातूरला पाठवलं तेच मी संगं राहणार म्हणून. तीन आठवड्यांचा कोर्स. पुढचं त्यानं आधीच ठरवलंय: कोर्स झाला की मुखेडात येऊन त्याच्या दोस्ताच्या पोरीची, ज्योतीची, लग्नातली नखं करायची. चार बायांच्या डोळ्यापुढं काम करून दाखवायचं. नाव झालं तर मनीनं खुशाल लातूरला पार्लरात काम धरावं. न्हाई झालं तर आपल्या बांगड्याच्या दुकानात बसावं आणि येतील ते पाहुणे बघावेत.

मनी म्हणते, आजी, माझी सगळी जिंदगी ज्योतीच्या दहा बोटांवर हाय.

मी म्हणलं, माझी हजारो मनगटांवर गेली. दहाच हायत तर सोपं हाय की.

११ जानेवारी

आज लाल रंग. चकचकीत. उन्हात हात धरला तर माझाच हात वाटंना.

खालची मालकीणबाई पायरीवर बसून होती. माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या मोकळ्या मनगटाकडं बघितलं. "मावशी, या वयात? आणि... तुमचे मालक तर..." अर्धं बोलून ठेवलं. लोकांची ही तऱ्हा असती, वाईट बोलायचं ते अर्धंच बोलायचं.

मी म्हणलं, बाई, बांगडीला मनाई हाय ते मला माहीत हाय, चौदा वर्षं झाली. नखाचं कुठं काय लिहिलेलं न्हाई. लिहिलं असंल तर मला वाचता येत न्हाई.

वर येऊन मनीला सांगितलं तर पोट धरून हसली. मग म्हणली, तुला वाईट वाटलं का?

वाटलं. पण ते लिहू नको.

(लिहिलं. — म.)

१४ जानेवारी. संक्रांत.

चाळीस वर्षांत पहिली संक्रांत, मी मुखेडच्या बाजारात न्हाई. आज दुकानापुढं बाया रांगेनं बसलेल्या असतील. सून एकटी काय करंल. तिला हात दाबताच येत न्हाई, चार बांगड्या भरते आणि दोन वाढवते, म्हणजे फुटतात, पण तसं म्हणायचं न्हाई.

सकाळपासून जिन्यानं खाली, जिन्यानं वर. तळपायाला मुंग्या. मग गच्चीच्या कठड्याला टेकून रस्त्यानं जाणाऱ्या बायांची मनगटं बघत बसले. ती भाजीवाली, दोन-सहा. ती जाडी, दोन-आठ, पण हात मऊ, दोन-सहात बसवीन. ती शाळेची मास्तरीण, दोन-चार, हाड आडवं हाय, साबण लागंल. वरून बघून माप सांगते मी, खोटं वाटंल तर मुखेडात कुणालाही विचारावं. ह्या गोदीनं भरलेली बांगडी मनगटावर गरागरा फिरत न्हाई. नेमकी बसती.

दुपारी वरण-भात हातानं कालवून खाल्ला. हात धुतला तर मनीनं लावलेली पांढरी नखं पिवळीजर्द. मनी किंचाळली.

"आजी! हळद!"
"मंग वरणात काय शेंदूर घालू?"

मॅडमला फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं की नखाच्या जेलवर हळद बसती, नवरीची नखं हळदीच्या आधी कधीच करायची न्हाईत. मनीनं वहीत पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. म्हणजे माझ्या जेवणातून बी शिकून राहिली.

१९ जानेवारी

आज मला क्लासात नेलं. मॅडमचं नाव तरन्नुम. माझं नख धरून उलटसुलट बघितलं, म्हणल्या, "अम्मा, ये नाखून है के नांगर का फाळ?" मी म्हणलं, वापरलेलं हाय बाई, शोकेसमधलं न्हाई. मॅडमनी मनीला सांगितलं, या नखांवर टिप, म्हणजे खोटं नख, चिकटवता आली की तुला कुठंच अडचण न्हाई.

तिथं एक गिऱ्हाईक आलेली, बँकेतली. मनीकडं हात दिला पण दिलाच न्हाई. बोटं ताठ. मनी फाईल घासती, बाई हात मागं ओढती. मनीच्या कपाळावर घाम. मला राहवलं न्हाई. उठले, बाईचं मनगट खालून तळहातावर घेतलं, वरून न्हाई धरलं, आणि विचारलं, "बाई, माहेर कुठलं?"

"देवणी."
"देवणीची? मंग तुमच्याकडं बैल चांगले आणि नवरे कसे?"

बाई हसली. हात सैल. पाच बोटं अशी पडली माझ्या तळव्यावर, झोपलेल्या लेकरासारखी.

तरन्नुम मॅडम म्हणल्या, "ये तो किताब में नइं है अम्मा."

मनी परत येताना म्हणली, तू मला हे कधी शिकवलं न्हाईस. तू कधी विचारलं न्हाईस, मी म्हणलं. तुला माझा धंदा जुना वाटत होता. ती म्हणली, तुला माझा थेर वाटत होता. दोन्ही खरं हाय.

२६ जानेवारी

उद्या परीक्षा. मनीला भूक न्हाई. मला बी न्हाई, पण मी खाल्लं.

२७ जानेवारी

पास. तरन्नुम मॅडमनी सगळ्यांदेखत सांगितलं की माझ्या पार्लरात एक खुर्ची तुझी, फेब्रुवारी संपेपर्यंत मोकळी ठेवते. त्यापुढं थांबता यायचं न्हाई.

मनीनं बापाला फोन लावला. दत्तू म्हणला, "ज्योतीचं होऊ दे. मग बघू."

रात्रभर पोरीनं कूस बदलली. मी मोजत होते.

३ फेब्रुवारी. मुखेड.

घरी. उदगीरवरून आलो, एसटीत उभ्यानं. दुकान बघितलं, जिवाला बरं वाटलं. सुनेनं मापं सगळी मिसळून ठेवलेली. दिवसभर लावत बसले. संध्याकाळी ज्योतीची आई आली, चुड्याचं सांगायला. तिच्या लग्नात तिला मीच भरला होता, आता लेकीला. म्हणली, "मावशी, तुमच्याशिवाय न्हाई." बाई म्हातारी झाली तरी असं कुणी म्हणलं की मान ताठ होती.

सात तारखेला हळद आणि चुडा, आठला लग्न.

५ फेब्रुवारी

मनी कागदावर वेळ मांडत बसलीय. सकाळी हळद. दुपारी ज्योतीला आंघोळ झाली की नखं. संध्याकाळी चुडा. हळद आधी, नखं नंतर. एवढं मॅडमनी सांगितलेलं.

मग माझ्याकडं आली. "आजी, चुडा भरताना माझी नखं लागलेली असतील. लांब हायत, ज्योतीला लांबच पायजेत. तू बोटं गोळा करून दाबतीस ना, तिथं अडकतील. एवढ्या बारी दोन-सहाच्या घाल. सैल बसल्या तरी चालतील."

मी म्हणलं, हाव.

८ फेब्रुवारी

काल वही उघडली न्हाई. आज लग्न झालं. लिही.

काल सगळं चांगलं चाललं होतं. दुपारी मनीनं ज्योतीची नखं केली, दोन तास लागले. फिकट गुलाबी, टोकाला पांढरं, एकेका बोटावर बारीक मोती. मांडवातल्या पोरी गराडा घालून. ज्योतीची आत्या नाक मुरडून आली होती, ती बी वाकून बघून गेली. दत्तू दारात उभा होता. निघून गेला न्हाई.

संध्याकाळी मी चुडा भरायला बसले. डावा हात झाला. उजव्या हाताला पाचवी बांगडी चढवताना मधल्या बोटाचं नख मुळातून उचकटलं. ज्योती ओरडली. रक्त. हिरव्या बांगडीवर लाल थेंब. बाया उठल्या. आत्या म्हणली, "मांडवात रक्त सांडलं गं बाई! कुणी लावली ही थेरं?" सगळ्यांनी मनीकडं बघितलं.

मनीनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, नख कच्चं होतं.

मनीला बोट धरायचं होतं, औषध लावायचं होतं. आत्यानं हात लावू दिला न्हाई. आज लग्नात नवरीच्या बोटाला पांढरी पट्टी. सगळ्या फोटोत.

घरी आल्यावर दत्तू एवढंच म्हणला, "बस झालं. लातूरची खोली सोडून टाका." मनीला बघायला देगलूरच्या पाहुण्यांना पुढच्या महिन्यात बोलावणार होता, आता म्हणतो बावीसलाच येऊ द्या.

मनीनं हे सगळं लिहिलं. एकदा बी थांबली न्हाई. लिहिताना मान वर केली न्हाई.

१० फेब्रुवारी

दुकानात बसले. बाया येतात, बांगड्या राहतात बाजूला, आधी विचारतात, "ते नखाचं काय झालं म्हणे?" मी सांगते, गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलू. दोन बांगड्या वाढवल्या आज. माझ्या हातून.

मनीनं पेटी पलंगाखाली सरकवली. दुकानात पोरींची नखं बघून बी बघत न्हाई.

अंगणात येरझाऱ्या.

११ फेब्रुवारी

मनी, वही घे. बस. माझ्याकडं बघू नको, वहीकडं बघ.

मांडवात मी सांगितलं ते खोटं हाय. नख कच्चं नव्हतं. बांगड्या दोन-सहाच्या नव्हत्या. दोन-चारच्या होत्या.

तू सांगितलं होतंस. मी दोन-सहाचा जोड काढून पिशवीत बी टाकला होता. तिथं बसले, ज्योतीचा हात हातात घेतला. दोन-चारचा हात. साधा आंधळा बी सांगंल. त्याच्यात दोन-सहाच्या भरल्या असत्या तर कोपरापर्यंत गेल्या असत्या. बाया म्हणल्या असत्या, गोदीची नजर गेली, गोदी म्हातारी झाली. आत्या तर वाटच बघत होती. मी दोन्ही जोड आणले होते. हात आपोआप दुसऱ्याकडं गेला, असं मी चार दिवस मनाला सांगून राहिले. आपोआप न्हाई गेला. मी नेला.

डावा हात निभावला. उजव्याला पाचवी बांगडी हाडावर अटकली. बोटं गोळा करून मुठीत धरली आणि दाबलं, तर मधलं नख माझ्या अंगठ्याखाली आलं. मला कळलं. वाकून राहिलंय, अजून दाबलं तर निघंल. हात सोडला असता तर बांगडी वाढली असती. नवरीचा चुडा, भरताना, माझ्या हातून, मांडवात. चाळीस वर्षांत एकदा बी झालं न्हाई. एवढ्या एका घडीत मी ठरवलं की चुड्यापेक्षा नख गेलेलं

(इथं मी पेन ठेवलं. — म.)

१३ फेब्रुवारी

(हे आणि पुढचं, दोन्ही आजीनं माझ्या फोनात बोलून ठेवलं होतं. बटण कुठलं दाबायचं ते आईनं दाखवलं. मी सतराला उतरवलं. — म.)

बोलते का गं हे? लाल झालंय. बरं.

मनी, तू बोलत न्हाईस म्हणून ह्या डबीला सांगून राहिले. ही बी उत्तर देत न्हाई, पण निदान तोंड फिरवत न्हाई.

भाकरी थापताना तू माझ्या बाजूला बसत न्हाईस. ताट ठेवतीस आणि जातीस. मला वाईट वाटून घ्यायचा हक न्हाई, तरी वाटून राहिलं. एक ध्यानात आलं. मी कुणाचं काही बिघडवलं तर हसवून मोकळी होते. दत्तूच्या बापाला असंच गप करायची मी. तुला हसवायला काल दोनदा तोंड उघडलं, पण हसण्यासारखं एक बी सुचलं न्हाई.

दत्तूला सांगणार हाय. उद्या. न्हाई, आजच. उद्या म्हणलं की जीभ जड होती.

१५ फेब्रुवारी

सांगितलं. त्या दिवशी जमलं न्हाई, काल त्याला नांदेडला माल आणायला जायचं होतं, आज सकाळी चहा पिताना गाठला. सगळं सांगितलं. दोन-चार, दोन-सहा, अंगठा, सगळं.

त्यानं बशी खाली ठेवली आणि काय म्हणला सांगू? "आई, पोरीला वाचवायला खोटं बोलून राहिलीस."

मी म्हणलं, अरे मी खरं सांगून राहिले.

"तुझ्या हातानं मापात चूक? मी जन्मल्यापासून बघतोय. मुखेडात शेंबडं पोरगं बी मानणार न्हाई. तुला नातीची माया आलीय, ती बरी हाय. पण असं नाव खराब करून घेऊ नको."

माझं नाव खराब होऊ नये म्हणून मी खोटं बोलले आणि आता खरं बोलले तर माझ्या नावापायी कुणी ऐकंना. हसावं का रडावं. सून मागं उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, तिला बी ठरवता आलं नसंल.

मी म्हणलं, चूक न्हाई रे, मी जाणूनबुजून केलं. तर म्हणला, आई, औषधाची गोळी घेतली का आज?

१७ फेब्रुवारी

मनी आज आपणहून वही घेऊन बसली. आधी फोनातलं सगळं उतरवून काढलं. मग म्हणली, आता बोल.

मी म्हणलं, आधी तू बोल.

म्हणली: "आजी, बांगडीचं मला लागलं न्हाई. तुझा हात अडकला, तुझा धंदा हाय, समजतं. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या आणि मी तुझ्याकडं बघितलं, तेव्हा तू जे म्हणलीस ना, ते लागलं."

मी काही म्हणलं न्हाई. हे असंच लिही, काही म्हणलं न्हाई.

तरन्नुम मॅडमचा फोन येऊन गेला दुपारी. मनीनं बाहेर जाऊन घेतला. काय बोलली ते सांगितलं न्हाई, पण आत आली ती पलंगाखालून पेटी ओढली, बाटल्या पुसल्या, परत ठेवली.

ज्योतीच्या हातात चुडा हाय अजून, माझ्या ध्यानात आलं. नवी नवरी, चुडा कोण काढतं इतक्यात. माप तिच्या मनगटावर हाय. बिलोलीला सासरी.

१९ फेब्रुवारी

ज्योतीच्या आईकडं जाऊन आले. ती पाणी घेऊन आली, मी पाणी घेतलं न्हाई, आधी सांगितलं. ती बसूनच राहिली. म्हणली, "मावशी, तुम्ही?" एवढाच शब्द. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग म्हणली, आत्यानं सगळ्या गावात मनीचं नाव खराब केलंय. मी म्हणलं, तिलाच ऐकवायचं हाय. ज्योती मांडवपरतणीला एकवीसला येणार. आत्या बी असणार. मी येते म्हणलं, लेकाला आणि नातीला घेऊन.

दत्तूला कसं न्यायचं? नव्या जावयाच्या भेटीला चल म्हणून सांगितलं. तेवढं खोटं चालतं.

(मला काय सांगितलंस ते पण सांग. — म.)

तुला सांगितलं, पेटी घे. का, ते न्हाई सांगितलं. तू विचारलं बी न्हाईस.

२० फेब्रुवारी

काही झालं न्हाई. दिवस जाता जाईना. दुकानातली सगळी मापं परत काढली, परत लावली.

२१ फेब्रुवारी

जाऊन आलो.

ज्योतीकडं घर भरलेलं. जावई लाजाळू, खुर्चीच्या टोकावर. आत्या मधोमध. मनी दारापाशी, पेटी पायांमागं लपवून. दत्तू जावयाशी पाऊसपाण्याचं बोलून राहिला.

मी ज्योतीला जवळ बोलावलं. हात घेतला, खालून. मधल्या बोटावर नख न्हाई, नुसती कातडी, गुलाबी. मनगटावर चुडा घट्ट. बांगडीच्या कडेनं चट्टा उठलेला, इतके दिवस झाले तरी.

"दत्तू, इकडं ये. हात बघ."

तो आला. वाकला. कासाराचं पोर हाय ते, त्याला माप लावायची गरज न्हाई. बघितलं. परत बघितलं. चट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"दोन-चार," तो म्हणला. हळूच.

"मनीनं मला दोन-सहा घाल म्हणून सांगितलं होतं. मी हाव म्हणलं होतं." हे मी मोठ्यानं बोलले, आत्याकडं तोंड करून. "नख पक्कं होतं. मी दाबून काढलं. मांडवात चुडा वाढू नये म्हणून."

मग आत्या: "म्हणजे गोदाबाई, चूक तुमची?"

"माझी."

"आणि पोरीवर ढकलली?"

"ढकलली."

सगळं मिळालं होतं आत्याला, तरी खुश दिसंना. कुणीतरी चहा आणला.

ज्योतीनंच हात मनीपुढं धरला. "आता लाव गं परत. मला कसंतरी दिसतंय हे."

मनी खाली बसली. बोट उजेडात धरलं, दाबलं न्हाई, नुसतं फिरवून बघितलं. म्हणली, "न्हाई. ह्या बोटाला आत्ता काही लावायचं न्हाई. नवं नख यायला लागलंय, त्याला येऊ दे. वर टिप चिकटवली तर आतून सडंल. बाकीची नऊ नीट करून देते, मुळाशी मोकळी झालीत."

"अगं पण नऊच?"

"नऊच."

आत्या म्हणली, "पोरगी तर नको म्हणून राहिली!" मनीनं तिकडं बघितलं न्हाई. पेटी उघडली. ज्योतीचं मनगट तळहातावर घेतलं. कसं घेतलं ते मी बघितलं. लिहायची गरज न्हाई, तिला माहीत हाय.

दत्तू चहा पीत उभा होता. चहा संपला तरी उभाच. पाचवं नख चालू असताना त्यानं विचारलं, "मंग त्या बोटाला लावायचं कधी?"

"तीन-चार महिन्यांनी. पुरं वाढल्यावर."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं."

"कुठं?"

फाईल चालूच. "मी असंन तिथं, बाबा."

ज्योती बोलायला गेली, मी तिचा गुडघा दाबला. दत्तूनं कप ठेवला, चपला घातल्या, अंगणात गेला. नऊ नखं होईपर्यंत तिथंच, पाठमोरा, फोन हातात. देगलूरला लावला का, दिसलं न्हाई. देगलूरचे पाहुणे उद्या यायचेत.

रिक्षानं परत आलो, तिघं. मी मधी. आत बाटल्या हायत म्हणून मनी पेटी घ्यायला गेली तर दत्तूनं आधीच उचललेली, मांडीवर ठेवलेली. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरायचा. काचेचा धंदा केलेला माणूस.